उभ्या धाग्यातलं रेशीम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात कोष कसा उकलतो यावर मी लिहिलं होतं. त्यावर खूप पत्रं आली. जुन्या कापडांची डागडुजी आणि जतन हे माझं काम. तीस वर्षं सुई, चिमटा आणि भिंग यांच्याच संगतीत गेली. त्या अनुभवातून जे खात्रीनं सांगता येतं तेवढंच सांगते. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे १९०० च्या सुमाराचा एक काळा रेशमी झगा आहे आणि त्याहून कितीतरी जुना, भरतकाम केलेला एक रेशमी रुमाल आहे. झगा कुणी फारसा घातलाच नाही, पेटीतच राहिला. तरी घडी उलगडली की तो चिरतो. रुमाल मात्र आजही मऊ आणि धड आहे. जुनं टिकलं आणि नवं फाटलं, असं कसं?

तुमचा झगा रेशमामुळे फाटत नाही, रेशमात जे भरलंय त्यामुळे फाटतो.

कोषातला धागा म्हणजे दोन अतिशय बारीक तंतू आणि त्यांना चिकटवून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, सेरिसिन. साबणाच्या गरम पाण्यात उकळून हा डिंक काढला की मगच रेशीम मऊ होतं, मगच चमकतं. पण त्यात शेकडा २० ते ३० वजन जातं. रेशीम विकलं जायचं तोलून. मग एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रंगशाळांनी हे गेलेलं वजन कथिलाच्या क्षारांनी भरून काढायला सुरुवात केली. काळ्या रंगासाठी लोखंडाचे क्षार आणि टॅनिन (झाडांच्या सालीतला तुरट पदार्थ) तर आधीपासूनच वापरात होते. घट भरून निघाल्यावर तरी थांबायला हवं होतं, पण पुढे पुढे मूळ वजनाच्या दुप्पट आणि त्याहूनही जड रेशीम निघू लागलं. असं कापड अंगावर छान जड पडतं, चुण्या डौलदार बसतात, घेणाऱ्याला माल भारी वाटतो. आतल्या आत मात्र ते धातू तंतू खात राहतात. त्यात उजेड आणि हवा यांची भर पडते.

मी शिकाऊ असताना अशाच एका झग्याची बाही माझ्यासमोर ठेवली होती. हात लावण्याआधी खाली कापडाचा आधार सरकवायला सांगितलं होतं. मी आधार न घेता ती दोन्ही तळहातांवर उचलली. ओढली नाही, ताणली नाही, तरी स्वतःच्याच वजनानं ती घडीच्या रेषेवर उघडली. आवाजसुद्धा झाला नाही. टेबलावर बोटभर लांबीच्या सरळ पट्ट्या पडल्या होत्या, कात्रीनं कापल्यासारख्या. साधं जुनं कापड विरतं तेव्हा धागे लोंबतात, कडा भुरभुरीत होतात. हे तसं नव्हतं. म्हणून अशी सरळ, धारदार चीर दिसली की मी आधी धातूचा संशय घेते.

तुमच्या रुमालाच्या वेळी हा प्रकार बहुधा नव्हताच. जपानमधलं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथल्या योद्ध्यांची चिलखतं म्हणजे लाखेचा थर दिलेले लहान लहान खवले, आणि ते एकमेकांना बांधणाऱ्या रेशमी वेण्या. एका चिलखतात अशा शेकडो मीटर वेण्या जातात. तोक्योजवळच्या मुसाशी मिताके देवस्थानात बाराव्या शतकातलं एक लाल वेण्यांचं चिलखत आहे. १९०३ साली त्याची दुरुस्ती झाली आणि बऱ्याच वेण्या नव्यानं घातल्या गेल्या. त्या नव्या वेण्या कृत्रिम रंगाच्या होत्या. आज त्या फिकट गुलाबी पडल्यात, आणि मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांनी रंगवलेल्या, आठशे वर्षांपूर्वीच्या मूळ वेण्या अजून लाल आहेत. कापडाचं वय विचारण्याआधी त्याच्यावर काय काय केलं गेलं ते विचारावं, हे मी अशाच वस्तूंकडून शिकले.

झग्याचं काय करायचं? तो धुऊ नका, इस्त्री करू नका, पुन्हा घडी घालू नका. ओलं रेशीम एरवीही कच्चं पडतं, हे तर पाण्यात सुटूनच जाईल. शक्य असेल तर पूर्ण पसरून, चुण्यांमध्ये मऊ मलमलीच्या गुंडाळ्या घालून आडवा ठेवा. आत शिरलेला धातू काढून रेशीम पूर्ववत करण्याचा उपाय नाही. आधार देता येतो, आणि तो द्यावा.

प्रश्न : रेशमी म्हणून घेतलेल्या इराणी गालिच्याची लव लोकरीची निघाली. आमची फसवणूक झाली का?

गालिचा उलटा करा आणि टोकाची झालर भिंगाखाली धरा. झालर म्हणजे मागाहून शिवलेली शोभा नव्हे, ती उभ्या धाग्यांचीच टोकं असतात. ती रेशमाची निघाली तर तुमच्याकडे चांगली वस्तू आहे.

जगातला सर्वांत नावाजलेला गालिचा म्हणजे अर्दबीलचा. हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४० हे साल त्याच्यावरच विणलेलं आहे, सोबत मकसूद काशानी हे नाव. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरच्या वर. त्याची सगळी लव लोकरीची आहे. रेशीम आहे ते खाली, उभ्या आणि आडव्या धाग्यांत, जिथे कुणाची नजर जात नाही. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात सुमारे ५,३०० गाठी बसल्यात त्या या रेशमामुळे. जाड सुताच्या पायावर इतक्या गाठी मावल्याच नसत्या.

कारण साधं आहे. कापसाचा तंतू असतो दोन-तीन सेंटिमीटरचा. त्याला पीळ देऊन देऊन धागा करावा लागतो, आणि पीळ आला की जाडी आली. रेशमाच्या एका कोषातून सहाशे ते नऊशे मीटर अखंड तंतू निघतो, चांगल्या कोषातून हजाराच्याही पुढे. असे काही तंतू एकत्र केले की फारसा पीळ न देताही बारीक आणि चिवट धागा तयार. रेशीम म्हटलं की सगळे चमकेबद्दल बोलतात. माझ्या हातून गेलेल्या वस्तूंमध्ये मात्र निम्म्याहून अधिक वेळा रेशीम कुठेतरी आत बसून ओझं पेलत होतं: गालिच्याच्या पायात, चिलखताच्या बांधणीत, छिन या चिनी सप्ततंत्री वाद्याच्या तारांत, जरीच्या पोटात.

लवसुद्धा रेशमाची असलेले गालिचे इराणमध्ये होते. सोळाव्या शतकाच्या शेवटी आणि सतराव्या शतकात, सोन्यारुप्याच्या तारा घालून केलेले. त्यातले बरेच युरोपच्या राजघराण्यांत गेले. १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते पोलंडचे समजले गेले, आणि ‘पोलोनेझ’ हे चुकीचं नाव त्यांना आजतागायत चिकटून आहे. दिसायला देखणे खरे, पण पायाखालच्या वापराला अर्दबीलची रीतच शहाणपणाची: वर झीज सोसणारी लोकर, खाली ताण सोसणारं रेशीम.

प्रश्न : जर म्हणजे सोनं की रेशीम? चिनी आणि युरोपीय भरतकामातला सोनेरी धागा आपल्या जरीसारखाच असतो का?

तुटलेलं टोक मिळालं तर भिंगाखाली धरा, धागा स्वतःच सांगेल. आपल्या जरीत, म्हणजे कलाबतूत, चांदीची तार ठोकून चपटी केलेली असते, तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो, आणि ही पट्टी रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली असते. चिनी आणि जपानी धाग्यात धातूची पट्टी नसतेच. कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या कापतात आणि त्या धाग्याभोवती वळतात. मध्ययुगात भूमध्य सागराभोवती तिसरीच तऱ्हा होती, जनावराच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यावर सोनं. पोटातला धागा बहुतेक वेळा रेशमाचा, काही ठिकाणी लिननचा, म्हणजे जवसाच्या तंतूचा. आणि एक बारकावा: सोनेरी धाग्याच्या पोटात बहुधा पिवळं रेशीम घालतात, रुपेरीच्या पोटात पांढरं. पट्टीच्या वेढ्यांमधून आतला रंग डोकावला तरी सोनं सोनंच दिसावं म्हणून.

असा धागा कापडातून आरपार ओढला तर वरची पट्टी सोलवटून निघते. म्हणून जवळपास सगळीकडे तो कापडावर नुसता पसरतात आणि बारीक रेशमी टाक्यांनी वरून बांधतात. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडच्या धर्मवस्त्रांत याची एक अप्रतिम तऱ्हा आहे. बांधायचा धागा मागच्या बाजूनं येतो, सोन्याचा नखभरही नसेल एवढा फासा त्याच छिद्रातून मागे ओढतो आणि तिथेच अडकवतो. पुढून टाका दिसतच नाही. शिवाय प्रत्येक फासा बिजागरीसारखा वळतो, त्यामुळे सोन्यानं भरलेलं वस्त्रही अंगावर कापडासारखं पडतं. असं काम मी पहिल्यांदा मागच्या बाजूनं पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ भिंगावरून डोळा काढला नव्हता.

प्रश्न : इस्लाममध्ये रेशीम वर्ज्य आहे म्हणतात. मग इतकं सुंदर रेशीम मुस्लिम देशांत कसं विणलं गेलं?

परंपरेत मनाई आहे ती पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगावर घालण्याला. स्त्रियांना ते चालतं, आणि पुरुषांच्या वस्त्रालाही काही बोटं रुंदीची रेशमी पट्टी चालते. काबागृहावरचा किस्वा, म्हणजे त्याचं आच्छादन, तर काळ्या रेशमाचाच असतो. त्यावर सोन्यारुप्याच्या तारांनी कुराणातल्या आयती भरतात आणि तो दरवर्षी नवा चढवतात.

कारागिरांनी या नियमातून काढलेली वाट म्हणजे मशरू. शब्दाचा अर्थच ‘धर्माला मान्य’. उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे, आणि विणकाम साटिनचं, म्हणजे रेशमाचे लांब लांब उड्या मारणारे धागे सगळे वरच्या अंगाला येतात आणि सूत खालच्या अंगाला राहतं. बघणाऱ्याला रेशीम दिसतं, कातडीला सूत लागतं. गुजरातेत पाटण आणि मांडवीला ते विणलं जात आलंय, आणि तुर्कस्तानात गाझिआंतेपचं कुतनू हे त्याचंच भावंड. मशरूला काही लोक पळवाट म्हणतात. मला तसं वाटत नाही. नियम मानूनच त्यांनी हे कापड घडवलं, आणि उष्ण हवेत ते निव्वळ रेशमापेक्षा अंगाला सुखाचं आहे.

मुस्लिम देशांतलं रेशीम धर्माच्या सीमा सहज ओलांडून जायचं. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात खुरासानच्या एका रेशमाचे तुकडे आहेत. समोरासमोर उभे हत्ती, काठाला उंटांची रांग, आणि कूफी या जुन्या अरबी लिपीत अबू मन्सूर बख्तेगीन या सेनापतीसाठी आशीर्वाद. हा सेनापती ९६१ साली मारला गेला. ११३४ साली उत्तर फ्रान्समध्ये सेंट जोस या ख्रिस्ती संताच्या अस्थी याच कापडात गुंडाळल्या गेल्या. जवळपास त्याच वर्षी, ११३३-३४ मध्ये, सिसिलीत पालेर्मोला रॉजर दुसरा या ख्रिस्ती राजासाठी लाल रेशमाचं राजवस्त्र तयार झालं. मधोमध ताडाचं झाड, दोन्ही बाजूंना उंटावर झडप घातलेले सिंह, सोन्याचा धागा, मोत्यांच्या रांगा, आणि गोलाकार काठावर अरबी मजकूर, त्यात हिजरी साल ५२८. पुढे पवित्र रोमन साम्राज्याचे सम्राट राज्याभिषेकाला हेच वस्त्र घालत. ते आज व्हिएन्नाच्या राजकोशात आहे.

प्रश्न : रेशीम म्हटलं की चीन, जपान, भारत, इराण. आफ्रिकेचं नाव का येत नाही?

यायला हवं. तुम्ही विचारलंत याचा आनंद झाला.

नायजेरियातल्या योरुबा विणकरांचं सान्यान हे मानाचं कापड रानटी रेशमाचं आहे. अनाफे नावाच्या पतंगाच्या अळ्या एकत्र मोठं घरटं विणतात. त्यातलं रेशीम उकलत नाही, कातावं लागतं. रंग मातकट, फिकट तपकिरी. न रंगवता तसाच ठेवतात. त्यांचंच दुसरं कापड अलारी, गडद किरमिजी. त्याचं रेशीम युरोपातून उंटांच्या तांड्यांबरोबर सहारा ओलांडून यायचं. मादागास्करमध्ये लांदीबे या रानटी किड्याच्या रेशमाची वस्त्रं मृतांभोवती गुंडाळतात, आणि काही वर्षांनी पूर्वजांच्या अस्थी बाहेर काढून त्यांना पुन्हा नवं रेशीम पांघरतात.

पण मला सर्वांत जास्त हलवून जातं ते घानातलं केंटे. असांते आणि एवे विणकरांकडे स्वतःचं रेशीम नव्हतं. बाहेरून यायचं ते विणलेलं तयार कापड. त्यांनी ते उसवलं. धागा न् धागा सोडवला आणि आपल्या अरुंद पट्टीच्या मागावर नव्यानं विणला. असांते राजा ओपोकू वारे याच्या काळात हे चालत असल्याची नोंद अठराव्या शतकातल्या एका डॅनिश व्यापाऱ्यानं करून ठेवली आहे. विणलेलं रेशीम उसवणं किती चिकाटीचं काम आहे हे मला ठाऊक आहे. दुरुस्तीला जुळता धागा मिळावा म्हणून शिवणीत दुमडलेल्या पट्टीतून मी कितीदा वीतभर धागा सोडवलाय. घाई केली की धागा मध्येच तुटतो, आणि जिथे तो इतकी वर्षं दुसऱ्या धाग्याखालून गेला तिथली नागमोड सरळ होत नाही. पूर्ण राजवस्त्राला पुरेल इतकं असं उसवायचं म्हणजे काय, याचा विचार करा.

इंडोनेशियात याच्या अगदी उलट घडलं. पाटणची पटोळी, उभा आणि आडवा दोन्ही धागे आधीच बांधून रंगवलेली, डच व्यापाऱ्यांबरोबर तिथल्या सरदारांकडे गेली. तिथे ती कुणी उसवली नाहीत. पिढीजात ठेवा म्हणून पुजली, रोग बरा करायची शक्ती त्यांत आहे असं मानलं, आणि फ्लोरेस, लेम्बाटा बेटांवर त्यांची नक्षी सुतात उतरवली. दोन्ही ठिकाणी रेशीम परकं होतं आणि दोन्ही ठिकाणी ते पूर्ण आपलंसं झालं.

प्रश्न : कापड खरं रेशमी आहे का, हे घरी कसं ओळखावं?

शिवणीच्या आतून एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही हवेत, कारण मशरूसारखी मिश्र कापडं खूप असतात. चिमट्यात धरून, मातीच्या ताटलीवर, एकेक जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की ते बहुधा विझतं, आणि उरलेली काळी गुठळी बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेयॉन कागदासारखा भुरकन जळतो. रेयॉन नवाच असेल असं समजू नका. कृत्रिम रेशीम १८८९ सालीच पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं गेलं होतं, त्यामुळे पणजीच्या काळातलं ‘रेशमी’ भरतकामही रेयॉनचं असू शकतं. वस्तू मोलाची असेल तर जाळू नका, जाणकाराला सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या.

प्रश्न : किडा न मारता काढलेलं रेशीम तितकंच चांगलं असतं का?

ते वेगळं असतं. अखंड तंतू हवा असेल तर पतंग बाहेर यायच्या आत कोष वाफेनं किंवा गरम हवेनं सुकवतात, आतला जीव जातो. पतंग भोक पाडून बाहेर आला की तंतू जागोजागी तुटतो आणि रेशीम कापसासारखं कातावं लागतं. अशा धाग्याला ऊब असते, थोडा खडबडीतपणा असतो, चमक मंद असते. आसामच्या एरीचा कोष मुळातच एका टोकाला उघडा असतो आणि ते रेशीम कातूनच वापरतात. शाल, पांघरूण यांना ते उत्तम. ज्यांना जीवहत्या नको त्यांनी ते निःशंक घ्यावं. फक्त आरशासारख्या तकतकीत वस्त्राची अपेक्षा त्याच्याकडून करू नये, आणि कुणी तसं वस्त्र ‘अहिंसक’ म्हणून दाखवलं तर धागा भिंगाखाली नीट पाहावा.

प्रश्न : घरातलं जुनं चिनी भरतकाम फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचं आहे. काय काळजी घ्यावी?

आधी भिंत निवडा. नैसर्गिक धाग्यांत उजेडाला सर्वांत हळवं रेशीम आहे, आणि उजेडानं झालेली हानी साठत जाते, अंधारात ठेवल्यानं भरून निघत नाही. म्हणून संग्रहालयांत कापडांवरचा प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आत ठेवतात. ज्या अर्दबील गालिच्याबद्दल वर लिहिलं, तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दर अर्ध्या तासानं फक्त दहा मिनिटं उजळतात. तेव्हा खिडकीसमोरची भिंत नको, वरून सोडलेला दिवाही नको. वर्षातून तीन-चार महिने लावा आणि मग काढून ठेवा.

डिंक, चिकटपट्टी, दोन्ही बाजूंनी चिकटणारा फोम, यातलं काहीही लावू देऊ नका. सुती कापड ताणलेल्या पाटीवर भरतकाम बारीक टाक्यांनी शिवून घ्या, आणि काच कापडाला टेकणार नाही एवढी फट ठेवा. काढून ठेवताना घडी न घालता रुंद नळीवर, भरतकाम बाहेरच्या अंगाला ठेवून गुंडाळा. डांबरगोळ्या जवळ नकोत. वर्तमानपत्राचा कागद नको, लाकडाला थेट स्पर्श नको.

आणि फ्रेमवाल्याकडे द्यायच्या आधी एक करा. तुकडा उलटा करून मागची बाजू पाहा. अस्तर असेल तर एका कोपऱ्यात ते हलकेच उचला. पुढून जी फुलं तुम्हाला कायम फिक्या राखाडी रंगाची वाटली, ती मागून जांभळी असू शकतात. पानांची निळसर झाक मागे पोपटी असू शकते. टाके सुरू करताना आणि संपवताना ठेवलेली दोऱ्यांची टोकंही तिथेच दिसतील. दिवसाच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता, या मागच्या बाजूचे दोन-चार स्वच्छ फोटो काढा आणि फ्रेमच्या मागे पाकिटात घालून ठेवा.